एक इंचाचा मावळा

जोतिबाच्या डोंगरावर संध्याकाळी उभं राहिलं, की सूर्य पन्हाळ्याच्या मागं उतरताना दिसतो. लहानपणी मला वाटायचं, सूर्याचा मुक्काम पन्हाळ्यावरच असतो. दोन्ही डोंगर उंचीनं जवळपास सारखे, समुद्रसपाटीपासून 3000 फुटांच्या वर. एकावर देव, दुसऱ्यावर गड. मधल्या खोऱ्यात वाड्या आणि शेतं.

आम्ही आत्तार. माझे अब्बा चैत्र यात्रेत जोतिबावर पाल ठोकून गुलाल, बुक्का, कुंकू विकायचे. शाळेला सुट्टी असली की मीही बरोबर असायचो. सासनकाठ्या नाचत यायच्या, ‘चांगभलं’चा गजर व्हायचा आणि दुपारपर्यंत दगड, पायऱ्या, माणसं सगळं गुलाबी होऊन जायचं. अब्बा गमतीनं म्हणायचे, ‘आज कुणाचं तोंड ओळखू येत नाही, म्हणून आज उधारी द्यायची नाही.’

जोतिबाच्या गावाचं कागदोपत्री नाव वाडी रत्नागिरी. आजचं मुख्य देऊळ 1730 मध्ये राणोजी शिंद्यांनी बांधून घेतलं. ग्वाल्हेरच्या शिंद्यांचं हे कुलदैवत. म्हणजे ज्या फौजा पुढं उत्तरेत गेल्या, त्यातल्या कित्येकांच्या ओठांवर या डोंगराचं नाव होतं. तेव्हा या डोंगरावर बसून लढाईची गोष्ट सांगितली, तर ती काही आगंतुक ठरू नये. मात्र आज मी जी लढाई सांगणार आहे, ती आठ फूट लांब आणि चार फूट रुंद आहे.

डोंगरावर माझा एक गुरव मित्र राहतो. त्याच्या सोप्यात दरवर्षी दिवाळीला गल्लीतली पोरं किल्ला करतात. दगड, विटा, पोती, वर लाल माती, मातीत मोहरी पेरलेली. आपल्याकडं घरोघर असाच किल्ला होतो. गेल्या दिवाळीच्या आधी पोरं मला म्हणाली, ‘चाचा, या वर्षी किल्ला नको. पावनखिंड करू या. रानासकट.’ मी कविता लिहिणारा माणूस. बी.ए.ला इतिहास दुय्यम विषय होता, एवढीच माझी पात्रता. पण हो म्हणालो.

ज्या कामाला पोरांनी हात घातला होता, त्याला डायोरामा म्हणतात. हा शब्द लुई दागेर या फ्रेंच माणसानं रूढ केला. 1822 मध्ये त्यानं पॅरिसला अशा नावाचं एक प्रेक्षागृह उघडलं. रंगवलेल्या प्रचंड पडद्यांवर उजेड बदलत न्यायचा आणि प्रेक्षकाला आपण त्या जागीच उभे आहोत असं वाटायला लावायचं, अशी ती करामत होती. पुढं हाच माणूस छायाचित्रणाचा एक जनक म्हणून ओळखला गेला. आज डायोरामा म्हणजे प्रमाणात केलेला छोटा देखावा. किल्ला आणि डायोरामा यांत फरक आहे. किल्ल्यात आपण गड मांडतो आणि त्यावर सगळा काळ एकत्र नांदतो. डायोरामात एकच जागा असते आणि एकच क्षण.

फौजी कामासाठी असे देखावे करण्याची चाल जुनी आहे. फ्रान्सच्या चौदाव्या लुईचा युद्धमंत्री लूव्हा यानं 1668 पासून सरहद्दीवरच्या किल्ल्यांच्या प्रतिकृती करून घ्यायला सुरुवात केली. भोवतालची शेतं आणि झाडंही त्यात असत. राजानं पॅरिसमध्ये बसून लांबचा वेढा समजून घ्यावा, हा हेतू. त्यातल्या बऱ्याच प्रतिकृती आजही पॅरिसच्या संग्रहालयात आहेत. 1668 म्हणजे आपल्या पन्हाळ्याच्या वेढ्यानंतर अवघी आठ वर्षं.

तो वेढा थोडक्यात सांगतो. अफजलखानाच्या वधानंतर नोव्हेंबर 1659 मध्ये शिवाजी महाराजांनी पन्हाळा घेतला. मार्च 1660 मध्ये आदिलशाहीतर्फे सिद्दी जौहरनं गडाला वेढा घातला. बरोबर अफजलखानाचा मुलगा फाजलखान होता. राजापूरच्या इंग्रज वखारीतला हेन्री रेव्हिंग्टन तोफगोळे घेऊन आला आणि इंग्रजांचं निशाण लावून त्यानं गडावर मारा केला. महाराजांनी ते लक्षात ठेवलं. 1661 मध्ये राजापूरवर छापा घालून रेव्हिंग्टनसह इंग्रजांना कैद केलं. पण ते पुढचं. चार महिने झाले, पावसाळा आला, तरी वेढा उठेना. मग 12 जुलैच्या रात्री महाराज सुमारे 600 निवडक माणसांनिशी गडावरून निसटले. परंपरा सांगते, की दुसऱ्या पालखीत महाराजांच्या वेषात शिवा काशीद बसले होते, गडाच्या पायथ्याच्या नेबापूरचे. ती पालखी पकडली गेली, त्यांनी प्राण दिला आणि तेवढा वेळ मिळाला. सिद्दी मसूद पाठलागावर निघाला. गजापूरजवळच्या घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे बांदलांच्या मावळ्यांसह मागं थांबले आणि महाराज विशाळगडाकडं गेले. ती घोडखिंड म्हणजेच पुढं पावनखिंड.

आता हे सगळं फळीवर कसं आणायचं? पहिला प्रश्न प्रमाणाचा. आम्ही एकास बहात्तर हे प्रमाण धरलं. छोट्या फौजी प्रतिकृतींमध्ये ते जगभर चालतं. या हिशेबानं साडेपाच फुटांचा माणूस इंचाला थोडा कमी भरतो. साठ फुटांचं झाड दहा इंचांचं. आमची आठ फुटांची फळी म्हणजे खरी 576 फूट जमीन, खिंडीचा जेमतेम एक तुकडा. आणि दिवाळीत बाजारात मिळणारा चार इंचांचा मातीचा मावळा? तो या हिशेबात 24 फुटांचा माणूस झाला! पोरं खो खो हसली. मी म्हटलं, हसू नका. दिवाळीच्या किल्ल्यात मावळा बुरुजाएवढा असतो, कारण आपल्या मनात तो तेवढा असतो. पण ते श्रद्धेचं माप झालं. खिंड करायची, तर माणूस माणसाएवढा आणि झाड झाडाएवढं पाहिजे. रान त्याच्यापेक्षा किती मोठं होतं, हे दिसल्याशिवाय त्यानं काय केलं तेही कळत नाही.

त्यासाठी पावसाळ्यात आम्ही त्या वाटेचा काही भाग चालून आलो. पन्हाळा ते विशाळगड ही वाट पन्नास-साठ किलोमीटर भरते आणि दर जुलैत शेकडो माणसं ती चालतात. पहिला धडा मसाई पठारावर मिळाला. पोरांच्या मनात पन्हाळ्यापासून सगळं घनदाट जंगल होतं. पठार निघालं उघडंबोडकं. जांभा दगड, गवत, धुकं आणि माणसाला ढकलणारा वारा. लपायला झुडूप नाही. रान लागतं ते पुढं, पठार उतरल्यावर. तिथं कारवी अंगावर येते, हात पुढं धरून चालावं लागतं. पायाला जळवा लागतात. ओढ्यांना पाणी असतं आणि ते निळं नसतं. आषाढातलं पाणी तांबडं, गढूळ. आमच्यातल्या एकानं ओढ्यासाठी निळा रंग आणून ठेवला होता. तो त्यानं मुकाट्यानं परत केला. आणखी एक गोष्ट. ती रात्र आषाढी पौर्णिमेच्या आसपासची होती. म्हणजे ढगांमागं चंद्र होता. काळाकुट्ट अंधार नव्हता, दुधात राख कालवावी तसा उजेड असावा.

घरी येऊन काम सुरू झालं. थर्माकोलचे तुकडे एकावर एक चिकटवून खिंडीच्या दोन बाजू उभ्या केल्या. त्यावर फेविकॉलमध्ये भिजवलेले वर्तमानपत्राचे कपटे, वर चाळलेली लाल माती. दगड मात्र खरे, जांभ्याचे बारीक खडे. झाडांसाठी मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातून जळकी तांब्याची तार आणली. बारा-पंधरा तारा एकत्र पिळायच्या, वर नेता नेता त्यांच्या फांद्या सोडवायच्या, खाली मुळं पसरायची, मग फेविकॉल आणि मातीचा हात द्यायचा. पालवीसाठी भांडी घासायच्या स्पंजचा मिक्सरमध्ये चुरा केला. आमच्या घरी दुकानातले रांगोळीचे जुने रंग पडून होते. त्यांतला हिरवा, काळा आणि पिवळा कालवून चार प्रकारचे हिरवे केले. जांभळीचा गडद, ऐनाचा वेगळा, बांबूचा पिवळसर. वेलींसाठी काथ्याचे धागे. देवळाच्या वाटेवरच्या गडग्यांवरचं वाळकं शेवाळ खिंडीच्या भिंतींना डकवलं. ओढ्याच्या पाण्यावर वार्निशचे सात हात दिले.

आणि कारवी? ती आमच्याकडं आधीच होती. पोरांनी सवयीनं मोहरी पेरली होती. ती दीड इंच वाढली, तसं कुणीतरी म्हणालं, ‘हे गवत नऊ फूट झालं की!’ गवत म्हणून ते चुकलं होतं. पण माणूस बुडेल अशी कारवीची जाळी म्हणून ते अगदी बरोबर होतं.

आमच्या गटात आठवीतली एक मुलगी होती. तिनं दोन दिवस खपून एक सुरेख झाड केलं. लाल स्पंजाचा, भरगच्च फुललेला गुलमोहर. खिंडीच्या तोंडाशी लावला. बघणारा प्रत्येक जण आधी त्याच्याकडंच बघायचा. मला ते मोडवत नव्हतं, पण सांगावं लागलं. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, आपल्याकडं आला तो एकोणिसाव्या शतकात. निलगिरी ऑस्ट्रेलियाची. आज रानभर माजलेली घाणेरीही परदेशी, तीही नंतरची. 1660 च्या रानात यातलं काही नव्हतं. शिवाय आषाढात गुलमोहराचा असा बहर नसतो. मुलगी काही बोलली नाही. तिनं झाड उपटून कपाटावर ठेवलं.

महाराज कुठं दाखवायचे, यावरून दुसरा वाद झाला. दिवाळीच्या किल्ल्यात ते सर्वात वर, सिंहासनावर असतात. पण राज्याभिषेक 1674 चा. खिंडीच्या वेळी सिंहासन नव्हतं. आम्ही जो क्षण निवडला होता, त्यात शत्रूची पहिली माणसं खिंडीच्या पूर्वेच्या तोंडाशी पोहोचत होती. तेव्हा महाराज पुढं निघून गेलेले. पोरं हिरमुसली. महाराजांशिवाय किल्ला कसा? शेवटी एकानं टाचणीच्या टोकानं ओल्या मातीत बारीक पावलं उमटवली. ती पावलं खिंडीतून निघून फळीच्या पश्चिमेच्या कडेला संपतात. तिथं चिठ्ठी लावली, ‘गजापूर, विशाळगड’.

ती चिठ्ठी लावताना माझा हात थोडा थांबला. जुलै 2024 मध्ये याच गजापुरातल्या मुसलमानवाडीत घरांची आणि मशिदीची मोडतोड झाली. बातमी सगळ्यांनी वाचली होती. पोरांनीही. कुणी काही बोललं नाही, मीही नाही.

मग माणसं करायची वेळ आली. तारेवर एम-सील लावून आम्ही नव्वद माणसं केली. सवयीनं त्यांचे दोन ढीग पडले. एक भगवा रंगवायचा, दुसरा हिरवा. माझ्या लहानपणीही असंच व्हायचं. किल्ल्यापुढं लढाईचा खेळ रंगायचा आणि अफजलखान किंवा सिद्दी कोण होणार, हे मला विचारावंही लागायचं नाही. मित्रांच्या मनात वावगं नसायचं. खेळाला कुणीतरी सिद्दी लागतोच.

म्हणून मी पोरांना सांगितलं, की रंग देण्याआधी माणसं कोण होती ते बघू. महाराजांची वाट अडवून विशाळगडाच्या पायथ्याला कोण बसलं होतं? सूर्यराव सुर्वे आणि जसवंतराव दळवी. दोघं मराठेच, आदिलशाहीच्या बाजूनं. आणि पन्हाळ्याचा वेढा बाहेरून फोडण्यासाठी नेताजी पालकरांबरोबर कोण आलं होतं? सिद्दी हिलाल आणि त्याचा मुलगा वाहवाह. सिद्दी जौहरच्या फौजेवर ते तुटून पडले. त्या लढाईत वाहवाह जखमी झाला आणि शत्रूच्या हाती सापडला. म्हणजे महाराजांच्या बाजूनं एक सिद्दी बाप होता, ज्यानं आपला मुलगा रणात गमावला. पोरं गप्प ऐकत राहिली. हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

आता माझी चूक सांगतो. मी एक शिपाई वेगळा केला. रंग गडद दिला, हातात ढाल दिली आणि बाजीप्रभूंच्या डाव्या हाताला, खिंडीच्या तोंडाशी उभा केला. म्हटलं, हा वाहवाह. मनात गजापूर होतं. वाटलं, त्या वाटेवर आपला एक माणूस उभा असावा, आणि सगळ्यांनी तो पाहावा.

गुलमोहराची मुलगी बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, ‘चाचा, हा त्या रात्री खिंडीत होता?’

मी म्हटलं, ‘नाही. तो आधीच पन्हाळ्याच्या पायथ्याला पकडला गेला होता.’

‘मग माझा गुलमोहर का काढलासा?’

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. शिपाई उचलला आणि सदऱ्याच्या खिशात टाकला. त्या रात्री झोप नीट लागली नाही.

मला विल्यम सायबॉर्न आठवला. इंग्रज फौजेतला हा अधिकारी. 1830 मध्ये त्याला वॉटर्लूच्या लढाईचा देखावा करायचं काम मिळालं. तो आठ महिने रणभूमीवरच्या एका वाड्यात राहिला, जमीन मोजली. लढलेल्या अधिकाऱ्यांना पत्रं लिहून विचारलं, संध्याकाळी सातच्या सुमाराला तुम्ही कुठं होता? 1838 मध्ये लंडनला देखावा मांडला, तेव्हा त्यावर सुमारे 75 हजार छोटे शिपाई होते. पण त्यात ऐन वेळी मदतीला आलेले प्रशियाचे शिपाई भरपूर दिसत होते आणि ते वेलिंग्टनच्या गोटाला रुचलं नाही. विजयाचा वाटेकरी फळीवर नको होता. अखेर सायबॉर्ननं हजारो प्रशियन शिपाई काढून टाकले. तो देखावा आज लंडनच्या सैनिकी संग्रहालयात आहे. त्यानं होते ते काढले. मी नव्हता तो घातला. चूक एकच. ज्यांनी गोष्टीतून वाहवाहला गाळलं, त्यांच्याशी भांडायचं, तर मला खोटा वाहवाह उभा करून भांडता येणार नाही. खरा पुरेसा आहे.

दुसऱ्या दिवशी मुलीनंच तोड काढली. तिनं वहीत गणित मांडलं होतं. वाट पन्नास किलोमीटर धरली आणि बहात्तरनं भागलं, तर आपल्या खिंडीपासून पन्हाळा येतो सातशे मीटरवर. म्हणजे सोप्यातून निघून उतारावरच्या गुलालाच्या दुकानाशी. दुकानदाराला विचारून तिनं फळीवर, गुलालाच्या परातीशेजारी, माझा शिपाई उभा केला. खाली चिठ्ठी लावली, ‘पन्हाळ्याचा पायथा, 1660. सिद्दी वाहवाह, शिवाजी महाराजांच्या फौजेतला.’ दुकानदार दिवाळीभर येणाऱ्याजाणाऱ्याला ती गोष्ट सांगत होता. पहिल्या दिवशी चिठ्ठी वाचून, नंतर तोंडपाठ.

उरला प्रश्न भगव्याचा आणि हिरव्याचा. तो रानानंच सोडवला. रात्रभर पावसात, चिखलात, ओढ्यांतून धावलेल्या माणसाचा कपडा कोणत्या रंगाचा राहील? आम्ही आधी रंग दिले, मग लाल मातीचं पातळ पाणी करून प्रत्येकाला कंबरेपर्यंत बुडवून काढलं. दोन्ही फौजांना एकच पाणी. नव्वद माणसं फळीवर उभी राहिली, तेव्हा बाजू ओळखायला एकच खूण उरली. काही जणांची तोंडं पूर्वेला होती आणि त्यांनी जागा सोडलेली नव्हती.

लोक बघायला आले. एक आजोबा वाकून वाकून बघत होते. म्हणाले, ‘आपली माणसं कुठली, तेच कळंना.’ मुलगी त्यांना म्हणाली, ‘आजोबा, खाली बसून बघा. उभं राहून दिसत नाही.’ ते गुडघ्यावर बसले. कारवी त्यांच्या डोळ्यांसमोर आली, मग झाडं, मग ती अरुंद नळी. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘एवढ्या रानात एवढी माणसं? आणि थांबली?’ आमच्या सगळ्या खटपटीची मजुरी त्यांच्या त्या ‘थांबली’ या शब्दात आम्हाला मिळाली.

भाऊबीजेनंतर मोहरी पिवळी पडली. तुळशीच्या लग्नानंतर फळी भिंतीला लागली. झाडं पोरांनी वाटून घेतली. वाहवाह अजून गुलालाच्या दुकानातच आहे. चैत्र यात्रेत तो डोक्यापासून पायापर्यंत गुलाबी झाला होता. दुकानदार म्हणाला, पुसू का? मी म्हटलं, राहू दे.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)